मार्क अँटनीचे लीजन-देनारियस : दुर्मिळ प्रकार ओळखण्याची आणि अभ्यासण्याची पद्धत

रोमन चांदीची नाणी जमवणाऱ्या बहुतेकांची सुरुवात सम्राटांच्या यादीने होते. एक नाणे ऑगस्टसचे, एक नीरोचे, एक हेड्रियनचे, अशी यादी पुरी करत जाण्यात आनंद आहे. पण दुर्मिळ प्रकार ओळखण्याची नजर त्यातून तयार होत नाही. दुर्मिळ नाणे ओळखू येते ते त्याच मालिकेतली सामान्य नाणी शेकड्यांनी पाहून झाल्यावर. म्हणून प्रत्येक नवशिक्याने एक मालिका निवडावी आणि तीच धरून बसावे, असा माझा आग्रह आहे. या लेखात मी उदाहरणासाठी रोमन सेनापती मार्क अँटनीने इ.स.पू. ३२-३१ मध्ये पाडलेले लीजन-देनारियस, म्हणजे लीजन या रोमन सैन्यदलांचे क्रमांक कोरलेले देनारियस (चांदीची नाणी), घेतले आहेत. ते मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत, झिजलेली नाणी तुलनेने परवडणारी असतात आणि सामान्यापासून अतिदुर्मिळापर्यंतचे सगळे टप्पे या एकाच मालिकेत पाहायला मिळतात.

मालिकेची ओळख

ऑक्टेव्हियनशी (पुढे सम्राट ऑगस्टस) अखेरचा सामना तोंडावर आला तेव्हा अँटनीला ग्रीसमध्ये मोठे सैन्य आणि आरमार पोसावे लागत होते. पगार भागवण्यासाठी त्याने ही नाणी पाडली. त्या हिवाळ्यात त्याचा मुक्काम पॅट्री, म्हणजे आजच्या पात्रास येथे होता, त्यामुळे टाकसाळ तिथेच किंवा सैन्याबरोबर फिरती असावी असे मानले जाते. इ.स.पू. ३१ मध्ये २ सप्टेंबर रोजी अ‍ॅक्टियमच्या लढाईत तो हरला, पण त्याची नाणी बाजारात टिकून राहिली. त्यांच्यातली चांदी नेहमीच्या देनारियसपेक्षा हलक्या प्रतीची होती. अँटनीने देनारियसमध्ये लोखंड मिसळले असे रोमन लेखक थोरल्या प्लिनीने लिहिले आहे, प्रत्यक्षात ती भेसळ तांब्याची आहे. पुढे चांगल्या चांदीची जुनी नाणी लोकांनी साठवली किंवा वितळवली आणि ही हलकी नाणी चलनात फिरत राहिली. थेट इ.स. तिसऱ्या शतकातल्या निधींमध्येही, म्हणजे पुरून ठेवलेल्या नाण्यांच्या साठ्यांमध्येही, ती सापडतात. बाजारात दिसणारे लीजन-देनारियस इतके गुळगुळीत का असतात, याचे उत्तर या दीर्घ आयुष्यात आहे.

नाणे वाचायला शिकावे

पुढच्या बाजूला उजवीकडे निघालेली वल्ह्यांची युद्धनौका असते. वरच्या लेखात अँटनीचे नाव आणि त्याचे ऑगुर (शकुन पाहणारा पुरोहित) हे धर्मपद लघुरूपात येते, तर खालच्या लेखात राज्यव्यवस्था लावण्यासाठी नेमलेल्या तिघांपैकी एक ही त्याची पदवी येते. इथे नवशिके हमखास फसतात. ऑगुरसाठी कोरलेली तीन अक्षरे पुढे सम्राटांच्या नाण्यांवर ऑगस्टससाठी येतात, त्यामुळे हे नाणे ऑगस्टसचे समजून विकलेले आणि घेतलेले अनेकदा दिसते.

मागच्या बाजूला मध्यभागी लीजनचा गरुडध्वज आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक सैनिकी निशाण असते. गरुडाच्या काठीच्या डावीकडे लीजनसाठीची तीन अक्षरे आणि उजवीकडे तिचा रोमन आकडा. प्रकार ठरतो तो मुख्यतः या आकड्यावर, म्हणून सगळी मेहनत इथे करावी लागते.

मायकेल क्रॉफर्ड यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रोमन प्रजासत्ताकाच्या नाण्यांच्या सूचीत ही मालिका ५४४ या क्रमांकाखाली आहे. उदाहरणार्थ, सहाव्या लीजनचे नाणे ५४४/१९ आणि तेविसाव्याचे ५४४/३९. चार हा आकडा काही ठशांवर (नाणे पाडण्याच्या कोरीव साच्यांवर) चार उभ्या रेघांनी, तर काहींवर पाचाच्या खुणेआधी एक रेघ देऊन लिहिलेला आहे. नऊचेही तसेच. सूचीत या लेखनभेदांना स्वतंत्र क्रमांक आहेत. त्यामुळे नोंद करताना केवळ ‘चौथी लीजन’ असे न लिहिता आकडा कसा कोरला आहे तेही लिहावे.

झिजलेल्या नाण्यावर सहा, सात आणि आठ यांत फरक करणे अवघड जाते, कारण आकड्याच्या शेवटच्या रेघा उजवीकडच्या निशाणाला चिकटून असतात किंवा झिजून गेलेल्या असतात. अशा वेळी खोली अंधारी करून एकच दिवा नाण्याच्या पातळीशी जवळजवळ समांतर धरावा आणि नाणे बोटांत हळूहळू फिरवावे. रेघ गेली असली तरी तिच्या तळाचा किंचित उंचवटा एखाद्या कोनात सावली टाकतो. त्यानेही उलगडा झाला नाही तर त्याच ठशाने पाडलेले, पण कमी झिजलेले दुसरे नाणे शोधावे. ठसा एकच असल्याचे सिद्ध झाले की आकडाही सिद्ध होतो. या प्रश्नावर मला याहून भरवशाचा मार्ग माहीत नाही, आणि त्यासाठीच पुढे सांगितलेला ठसे-अभ्यास उपयोगी पडतो.

या मालिकेत खरे दुर्मिळ काय?

तिसरी, पाचवी, सहावी, सातवी, आठवी, दहावी या लीजनांची नाणी नेहमी दिसतात. बाविसावी आणि तेविसावी कमी दिसतात. आकड्याबरोबर लीजनचे नावही कोरलेली तीन नाणी आहेत: बारावी ‘अँटिक्वे’, सतरावी ‘क्लासिके’ आणि अठरावी ‘लिबिके’. त्यांच्यावर लेख वरून वळसा घालून येतो. याशिवाय दोन नाण्यांवर लीजनऐवजी विशेष तुकड्यांची नावे आहेत: एकावर सेनापतीच्या अंगरक्षक पलटणी, दुसऱ्यावर टेहळ्यांची पलटण. टेहळ्यांच्या नाण्यावर गरुडाऐवजी तीन निशाणे असून ती पुष्पचक्रांनी आणि नौकेच्या नाळेच्या आकृत्यांनी सजवलेली आहेत. ही पाचही नाणी उघडपणे वेगळी दिसतात आणि त्यांना मागणीही तशीच असते.

पहिल्या लीजनचे नाणे अत्यंत दुर्मिळ आहे. त्यावर आकड्याऐवजी ‘पहिली’ या अर्थाचा लॅटिन शब्द लघुरूपात येतो. असे नाणे समोर आले तर ते बनावट किंवा खोदून बदललेले आहे असे धरूनच तपासणी सुरू करावी. तेवीसच्या पुढचे आकडे काही जुन्या याद्यांमध्ये सापडतात, पण क्रॉफर्ड यांच्या सूचीत त्यांना स्थान नाही. चोविसावी किंवा तिसावी लीजन म्हणून कोणी नाणे पुढे केले तर ते चुकीचे वाचलेले किंवा खोटे आहे असे समजावे.

आणखी एक गफलत विक्रेत्यांच्या वर्णनांत सतत भेटते. सतरा, अठरा आणि एकोणीस क्रमांकांची नाणी इ.स. ९ मध्ये जर्मनीत रोमन सेनापती व्हारसबरोबर नष्ट झालेल्या लीजनांची म्हणून खपवली जातात. व्हारसच्या लीजना ऑक्टेव्हियनच्या सैन्यपरंपरेतल्या होत्या. अँटनीच्या सैन्यातल्या त्याच क्रमांकांच्या लीजना वेगळ्या. आकडा जुळतो म्हणून इतिहास जुळत नाही, आणि त्या कथेसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

याउलट दुर्लक्षित राहणारी एक गोष्ट म्हणजे प्रतिमुद्रा. सम्राट व्हेस्पेशियनच्या काळात (इ.स. ६९ ते ७९) काही झिजलेल्या देनारियसांवर त्याच्या नावाची जोडाक्षरांतली छोटी मुद्रा मारलेली आढळते, ते काम आशिया मायनरमधल्या एफेसस शहराचे मानतात. लीजन-देनारियसवर अशी मुद्रा असेल तर ते नाणे पाडल्यानंतर शंभरेक वर्षांनी कुठे होते याचा पुरावाच हातात येतो. सराफांनी चांदी तपासण्यासाठी मारलेल्या बारीक खुणा याहून वेगळ्या असतात, त्या या मालिकेवर भरपूर दिसतात. अ‍ॅक्टियमनंतर सुमारे दोन शतकांनी मार्कस ऑरेलियस आणि लुशियस व्हेरस या सहसम्राटांनी सहाव्या लीजनच्या नाण्याची स्मारक-आवृत्ती काढली होती. तिच्या मागच्या बाजूला या दोघांचा उल्लेख येतो. ती अर्थातच स्वतंत्र नाणे म्हणून नोंदवावी.

दुर्मिळता मोजावी कशी

सम्राटांच्या नाण्यांसाठी प्रमाण मानल्या जाणाऱ्या बहुखंडी सूचीत सामान्य, विरळ, दुर्मिळ अशा श्रेणी अक्षरांनी दिलेल्या असतात आणि विक्रेते त्या जशाच्या तशा उतरवतात. पण त्या श्रेणी मुख्यतः मोठ्या संग्रहालयांतल्या नाण्यांवरून ठरवलेल्या आहेत. त्यानंतर धातुशोधकांनी आणि नव्या निधींनी अनेक नाण्यांचे चित्र पालटले आहे. म्हणून स्वतः मोजावे.

त्यासाठी अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या आधाराने चालणारी प्रजासत्ताकाच्या नाण्यांची ऑनलाइन सूची उघडावी; तिच्यात क्रॉफर्ड क्रमांकानुसार अनेक संग्रहालयांतली नाणी छायाचित्रांसह पाहता येतात. तशीच प्रजासत्ताक काळातल्या निधींची स्वतंत्र सूचीही आहे. तिसरे साधन म्हणजे जुन्या लिलावांची संग्रहित छायाचित्रे. या तिन्हींतून आपल्या मालिकेची नाणी एका तक्त्यात उतरवावीत: क्रमांक, वजन, व्यास, दोन्ही बाजूंचा परस्पर कोन घड्याळाच्या तासांत, आकड्याचे लेखन, कुठे व कधी दिसले, आणि छायाचित्र.

लिलावात एकच नाणे वीस वर्षांत चार वेळा येऊ शकते. ते चार वेळा मोजले गेले तर दुर्मिळ नाणे सामान्य वाटू लागते. रोमन नाण्याचा काठ कधीच अगदी गोल नसतो. काठाची रेषा, त्यातल्या चिरा आणि सराफी खुणा पाहून पुनरावृत्ती ओळखता येते. दुसरी अडचण याच्या उलट आहे. लिलावगृहे दुर्मिळ नाणी एकेकटी छापतात आणि सामान्य, झिजलेली नाणी गठ्ठ्याने विकतात. त्यामुळे लिलावांवरून काढलेले प्रमाण दुर्मिळ नाण्यांच्या बाजूने झुकलेले असते. निधींवरून काढलेले प्रमाण मला अधिक विश्वासार्ह वाटते, कारण पुरणाऱ्याने नाणी निवडली ती सूची समोर ठेवून निवडलेली नव्हती.

ठसे-अभ्यास

प्राचीन नाण्यांचे ठसे हाताने कोरलेले असल्यामुळे प्रत्येक ठसा वेगळा असतो. दोन नाणी एकाच ठशाची आहेत की नाहीत हे ठरवण्यासाठी एकूण दिसण्याकडे पाहू नये. झीज आणि प्रकाश एकूण दिसणे बदलून टाकतात. बदलत नाहीत ती अंतरे आणि कोन. लीजन-देनारियसच्या मागच्या बाजूला मी पुढील जागा पाहतो: गरुडाच्या पंखाचे टोक कोणत्या निशाणाच्या किती जवळ येते, डावीकडच्या तीन अक्षरांची तळरेघ सरळ आहे की चढती, आणि आकड्याची पहिली खूण काठीपासून किती दूर आहे. पुढच्या बाजूला वल्ह्यांची संख्या आणि नाळेवरच्या दंडाचा कल पाहावा. दोन छायाचित्रे एकाच मापात आणून एक दुसऱ्यावर अर्धपारदर्शक ठेवली की निर्णय लवकर होतो. ठशाला पडलेली चीर नाण्यावर उंच रेघ म्हणून उमटते. ती एका नाण्यावर लहान आणि दुसऱ्यावर मोठी असेल तर कोणते आधी पाडले हेही कळते.

किती ठसे अजून आपल्या नजरेत आलेले नाहीत याचा साधा अंदाज बांधता येतो. पन्नास नाणी जमली आणि त्यांत एकदाच दिसलेले ठसे दहा असतील, तर १० भागिले ५० म्हणजे २० टक्के. मूळ उत्पादनाचा साधारण ८० टक्के भाग आपण पाहिलेल्या ठशांनी झाकला आहे. पन्नासांपैकी चाळीस ठसे एकदाच दिसले असतील तर आपण जेमतेम सुरुवात केली आहे आणि ‘हा एकमेव ज्ञात ठसा’ असे म्हणण्याला काही अर्थ नाही. रिचर्ड शेफर यांनी प्रजासत्ताकाच्या नाण्यांची छायाचित्रे वर्षानुवर्षे कापून, लावून जमवलेला ठशांचा संग्रह अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीने खुला केला आहे. आपल्या मालिकेचे काम त्यात आहे का, हे आधी पाहावे.

इथे एक तुलना उपयोगी पडेल. लुशियस पापियस या अधिकाऱ्याच्या इ.स.पू. ७९ च्या नाण्यांवर दोन्ही बाजूंना वस्तूंच्या छोट्या खुणा आहेत. पुढची एक खूण मागच्या एका खुणेशी बांधलेली असून साधारणपणे प्रत्येक जोडी म्हणजे ठशांची एकच जोडी. अशा दोनशेहून अधिक जोड्या आहेत. म्हणजे यातली प्रत्येक जोडी घडणीनेच विरळ. तरीही त्या नाण्यांची किंमत सामान्य नाण्यासारखीच असते, कारण मागणी प्रकाराला आहे, जोडीला नाही. कमी पैशांत खरा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने ही मालिका जरूर विचारात घ्यावी.

खोटी, मुलाम्याची आणि बदललेली नाणी

तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवलेली नाणी रोमन काळातच बनत होती. पत्रा फाटलेल्या जागी हिरवट किंवा तपकिरी गाभा दिसतो, वजन बहुधा कमी भरते. ती प्राचीन असल्यामुळे अभ्यासाच्या दृष्टीने मोलाची आहेत, मात्र नोंदीत आणि किमतीत वेगळी ठेवावीत.

शंका आली तर घनता काढावी. नाणे हवेत तोलावे, मग बारीक दोऱ्याने पाण्यात लटकवून पाण्यात किती वजन घटते ते पाहावे आणि हवेतल्या वजनाला त्या घटीने भागावे. शुद्ध चांदीची घनता १०.४९ आणि तांब्याची ८.९६. ३.६० ग्रॅमच्या नाण्याची घट ०.३५ ग्रॅम आली तर घनता १०.२९ येते, ०.३६ आली तर १०.००. एका शतांशाच्या फरकाने निष्कर्ष इतका हलतो, म्हणून ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा रोजच्या वजनाला ठीक असला तरी या चाचणीला हजारावा भाग दाखवणारा काटा हवा. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी मऊ कुंचल्याने काढावेत. लीजन-देनारियसमध्ये मुळातच तांबे अधिक असल्याने घनता थोडी उतरती येणे साहजिक आहे. एकट्या या आकड्यावर नाणे खोटे ठरवू नये.

ओतीव बनावट नाण्यावर भिंगाखाली बारीक छिद्रे, बोथट अक्षरे आणि काठावर घासून काढलेल्या जोडाची रेघ दिसते. आधुनिक ठशांनी पाडलेली खोटी नाणी अधिक फसवी असतात. तीच झीज, तोच ओरखडा दोन नाण्यांवर दिसला तर ती एकाच मूळ नाण्यावरून बनवलेली आहेत हे निश्चित.

या मालिकेत मात्र सर्वांत मोठा धोका आकडा बदलण्याचा आहे. सामान्य आकड्याची एक रेघ खरवडून किंवा नवी रेघ उठवून दुर्मिळ आकडा तयार केला जातो. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली आकड्याभोवतीची पार्श्वभूमी आणि डावीकडच्या अक्षरांभोवतीची पार्श्वभूमी यांची तुलना करावी. अस्सल नाण्यावर दोन्हीकडचा पोत, काळसर थर आणि झीज सारखीच असते. आकड्याच्या बाजूला जमीन खोल गेली असेल, थर नाहीसा झाला असेल, समांतर ओरखडे असतील किंवा अक्षरे झिजलेली असताना आकडाच तेवढा धारदार असेल, तर नाणे बाजूला ठेवावे. दुर्मिळ आकड्याचे नाणे एखाद्या सामान्य आकड्याच्या ज्ञात ठशाशी जुळले, तर चर्चेला जागाच उरत नाही.

खरेदी आणि कायदा

भारतात राहून ही नाणी घेणाऱ्याने १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी कायदा वाचून घ्यावा. शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तूच्या व्याख्येत येते आणि पुरावस्तूची निर्यात खासगी व्यक्तीला करता येत नाही. याचा व्यवहारातला अर्थ गंभीर आहे: परदेशातून मागवलेले नाणे इथे पोचल्यावर ते नापसंत पडले म्हणून परत पाठवणे, किंवा परदेशी संस्थेकडून प्रमाणित करून घेण्यासाठी धाडणे, आपल्या हातात राहत नाही. म्हणून सगळी तपासणी नाणे मागवण्यापूर्वी करावी: दोन्ही बाजूंची आणि काठाची मोठी छायाचित्रे, वजन, मागील मालकीचा माग. शंका असेल तर विक्रेत्यालाच त्याच्या देशात प्रमाणपत्र करून घ्यायला सांगावे. आयातीचे नियम आणि कर त्या वेळी कस्टम्सकडून तपासून घ्यावेत, आणि पार्सलवर खरे वर्णनच लिहायला लावावे.

जमिनीत सापडलेल्या नाण्यांची गोष्ट वेगळी. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार सापडलेल्या धनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. दक्षिण भारतात ऑगस्टस आणि टायबेरियस यांच्या देनारियसांचे मोठे निधी सापडले आहेत. आजच्या तेलंगणातल्या अक्कनपल्ले येथील निधीत १,५३१ देनारियस होते. त्यांतल्या काही नाण्यांवर चेहऱ्यावर छिन्नीचा घाव आहे, आणि त्यांची इथे बनलेली अनुकरणेही मिळतात. शेतात सापडलेली म्हणून कोणी अशी नाणी देऊ केली तर घेऊ नयेत. निधी फुटला की कोणते नाणे कोणाबरोबर होते ही माहिती कायमची जाते, आणि वर सांगितलेली सगळी मोजणी त्याच माहितीवर उभी आहे. या दोन सम्राटांच्या नाण्यांचा अभ्यास कायदेशीर मार्गाने मात्र अवश्य करावा: टायबेरियसच्या देनारियसवर खुर्चीचे पाय साधे की नक्षीदार, बसलेल्या स्त्रीच्या हातात राजदंड की उलटा भाला, पायाखाली रेघ एक की दोन, यांवर प्रकार ठरतात.

जतन

जुनी चांदी आतून स्फटिकमय होऊन ठिसूळ होते, त्यामुळे नाणे टेबलावर टाकून आवाज ऐकण्याची सराफी पद्धत इथे वापरू नये. तुकडे पडू शकतात. चिंच, लिंबू, रांगोळी, दंतमंजन आणि चांदी चमकवण्याची द्रावणे पूर्ण वर्ज्य. माती किंवा तेलकटपणा असेल तर ऊर्ध्वपातित पाणी किंवा शुद्ध अ‍ॅसिटोन पुरते. अ‍ॅसिटोन खिडकी उघडी ठेवून आणि आगीपासून दूर वापरावे. नाणे काठाला धरावे आणि खाली मऊ कापड पसरलेले असावे. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून कालांतराने हिरवा चिकट थर सुटतो, म्हणून मायलारची (पॉलिएस्टर प्लास्टिकची) पाकिटे घ्यावीत. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि तिचा रंग बदलला की ती वाळवून पुन्हा घालावी. जुन्या मालकाची चिठ्ठी नाण्याबरोबर आली असेल तर ती नाण्याला न चिकटवता वेगळ्या पाकिटात, त्याच नोंदक्रमांकाने ठेवावी, आणि घरातल्या एका माणसाला हा क्रमांकांचा तक्ता कुठे आहे ते सांगून ठेवावे.